सत्तावीस बीजं आणि पेढे

पत्र:

डॉक्टर, नमस्कार. माझं वय ३०, लग्नाला सहा वर्षं झाली. पीसीओडी आहे, एएमएच (बीजांच्या साठ्याचा अंदाज देणारी रक्ततपासणी) ८.९. दीड वर्षापूर्वी एका सेंटरला आयव्हीएफ केलं. पाळीच्या एकविसाव्या दिवसापासून रोज एक इंजेक्शन, पुढची पाळी आल्यावर रोज दोन. शेवटी दोन दिवस वाढीचं इंजेक्शन बंद ठेवलं आणि मग दहा हजार युनिटचं दिलं. २७ बीजं निघाली. ह्यांनी स्टाफला पेढे वाटले. तिसऱ्या दिवशी ट्रान्स्फर झालं, म्हणजे गर्भ पिशवीत सोडले, आणि त्याच रात्रीपासून पोट फुगायला लागलं. परकराची नाडी बांधता येईना. चार दिवसांत वजन ५२ चं ५८. लघवी होईना, आडवं झालं की दम लागायचा. सहा दिवस ॲडमिट होते, पोटातून तीन लिटर पाणी काढलं. ते ट्रान्स्फर राहिलं नाही. उरलेले दोन गर्भ फ्रीज केले होते, तेही नंतर राहिले नाहीत.

आता नवीन डॉक्टर म्हणतात, या वेळी प्रोटोकॉल वेगळा, ट्रिगर वेगळा, आणि सगळे गर्भ फ्रीज करून दोन महिन्यांनी ट्रान्स्फर. सासूबाई म्हणतात, फ्रीजमधलं शिळं कशाला? नणंद म्हणते, नारळपाणी आणि प्रोटीन पावडर घेतली की काही होत नाही. मला एवढंच सांगा, परत तसं होणार नाही ना? आणि पुढच्या महिन्यात दिराचं लग्न आहे लातूरला, पिकअपनंतर, म्हणजे बीजं काढल्यावर, चारच दिवसांनी. गेलं तर चालेल का?

– एक वाचक, सांगली जिल्हा

उत्तर:

तुमचं पत्र वाचताना मी पेढ्यांपाशी अडकले. तुमच्या यजमानांना दोष देत नाही. सेंटरमध्ये सगळेच ‘किती आली? किती आली?’ म्हणत फिरत असतात. शेजारच्या कॉटवरच्या बाईला सहा आली की ती रडते आणि सत्तावीसवाली हसते. दहावीच्या निकालासारखं वातावरण असतं. पण तुमच्या बाबतीत सत्तावीस हा आकडा धोक्याची घंटा होता. ती त्या दिवशी कुणी ऐकली नाही.

झालं ते ओएचएसएस, म्हणजे अंडाशयं औषधाने प्रमाणाबाहेर चेतवली जाणं. तीन लिटर पाणी काढावं लागलं आणि लघवी बंद झाली, त्या अर्थी तीव्र प्रकारातलं. पोट जरा जड होणं, मळमळणं हा सौम्य प्रकार आयव्हीएफमध्ये बऱ्याच जणींना होतो आणि आपोआप जातो. तुमचं तसं नव्हतं. त्यामुळे तुम्हाला वाटणारी भीती अगदी रास्त आहे. तिला ‘टेन्शन घेऊ नका’ म्हणून उडवून लावणार नाही.

थेट उत्तर आधी देते. नवीन डॉक्टरांनी सांगितलेल्या तिन्ही गोष्टी खरोखर पाळल्या गेल्या, तर मागच्यासारखं होण्याची शक्यता फार म्हणजे फारच कमी होते. शून्य होते असं म्हणणार नाही, कारण सगळी काळजी घेऊनही तीव्र त्रास झाल्याच्या तुरळक नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत आहेत. पण मागच्या वेळी तुम्ही उतरणीला ब्रेक नसलेल्या गाडीत बसला होतात. या वेळच्या गाडीला ब्रेक आहे.

तो ब्रेक कुठे असतो ते नीट समजून घ्या. मागच्या वेळी सगळं बिघडलं ते एका संध्याकाळी, दहा हजाराचं इंजेक्शन दिलं तेव्हा. त्यालाच ट्रिगर म्हणतात. त्यात एचसीजी नावाचं संप्रेरक असतं. गरोदरपणात बनतं तेच. नैसर्गिक पाळीत बीज पिकवून सोडण्याचं काम आपल्या मेंदूतल्या पिट्यूटरी ग्रंथीतून येणारं एलएच करतं. एचसीजी हा एलएचचा तोतया. काम तेच, पण मुक्काम वेगळा. एलएच चहा पिऊन निघणारा पाहुणा आहे, रक्तातली त्याची मात्रा तासाभरात निम्मी होते. एचसीजीची निम्मी व्हायलाच एक दिवसाहून जास्त लागतो, आणि आठवडाभर ते अंडाशयांना डिवचत राहतं.

अंडाशयात पाच-दहा फॉलिकल, म्हणजे बीजांच्या पिशव्या, असतील तर या डिवचण्याचं काही वाटत नाही. पंचवीस-तीस असतील तर ती सगळी मिळून व्हीईजीएफ नावाचा पदार्थ भरमसाट सोडतात, आणि त्याने बारीक रक्तवाहिन्यांच्या भिंती सैल होतात. नवा माठ पाझरतो तसं रक्तातलं पाणी बाहेर झिरपतं आणि पोटात, कधी छातीत साठतं. म्हणून एकीकडे पोटाचा नगारा आणि दुसरीकडे लघवी बंद. पाणी अंगात असतं, पण रक्तवाहिन्यांच्या बाहेर. आत उरलेलं रक्त दाट होतं, आणि दाट रक्ताची गुठळी होऊ शकते. या आजारात डॉक्टर खरे घाबरतात ते त्या गुठळीला. ॲडमिट असताना पोटात रोज बारीक सुईचं इंजेक्शन देत होते का? असेल तर ते बहुतेक हेपॅरिन होतं, याचसाठी.

आता तुमची फाईल. तुम्ही जोडलेल्या कागदांत ट्रिगरच्या दिवशीचं इस्ट्राडिओल, म्हणजे वाढत्या फॉलिकलमधून येणारं संप्रेरक, ५,२०० आहे. अमेरिकन सोसायटी फॉर रिप्रॉडक्टिव्ह मेडिसिनच्या २०१६च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये धोक्याच्या खुणा म्हणून जे आकडे आहेत ते असे: एएमएच ३.४ च्या वर, ट्रिगरच्या वेळी इस्ट्राडिओल ३,५०० च्या वर, २५ किंवा जास्त फॉलिकल, किंवा २४ वा जास्त बीजं. त्यात पीसीओडी, कमी वय आणि सडपातळ बांधा हेही धरतात. तुमच्यापाशी यातलं काय नव्हतं? शेवटचे दोन दिवस इंजेक्शन बंद ठेवलं, याचा अर्थ तिथल्या डॉक्टरांनाही धोका दिसला होता. त्याला कोस्टिंग म्हणतात. चढावर गाडी बंद करून उताराला तशीच सोडायची. एके काळी सगळेच करायचे, आता मागे पडलंय, कारण त्यावर फार विसंबता येत नाही.

इथे त्या डॉक्टरांची बाजूही सांगायला हवी. एकविसाव्या दिवसापासून सुरू होणारा तो लाँग प्रोटोकॉल. वर्षानुवर्षं आम्ही सगळ्यांनी तोच वापरला, मीही. त्यात रोजच्या इंजेक्शनने पिट्यूटरीला आधीच झोपवलेलं असतं. मग शेवटी ती एलएच सोडूच शकत नाही, आणि एचसीजी देण्यावाचून गत्यंतर नसतं. एक तर ते द्यायचं, नाही तर सगळी सायकल रद्द करायची. खर्च झालेला, तुम्ही आशेने बसलेल्या, रद्द करा म्हणायला जीभ रेटत नाही. हे मी समजू शकते. मात्र पुढचं समजू शकत नाही. ५,२०० इस्ट्राडिओल आणि सत्तावीस बीजं असताना त्याच पाळीत ट्रान्स्फर करायला नको होतं, हे माझं स्पष्ट मत आहे. गर्भ रुजला असता तर त्याने स्वतःचं एचसीजी तयार केलं असतं आणि आगीत तेल पडलं असतं. ट्रिगरनंतर दहाव्या दिवसाच्या पुढे उफाळणारा प्रकार असाच येतो, आणि तो जास्त लांबतो.

नव्या पद्धतीला अँटागोनिस्ट प्रोटोकॉल म्हणतात. पाळीच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी वाढीची इंजेक्शनं सुरू. तुमच्या प्रकृतीला ती कमी मात्रेत हवीत. पाचव्या-सहाव्या इंजेक्शनच्या दिवसापासून सेट्रोरेलिक्स किंवा गॅनिरेलिक्स, ०.२५ मिलिग्रॅम, बीजं वेळेआधी फुटू नयेत म्हणून. ही औषधं पिट्यूटरीला गाढ झोपवत नाहीत, नुसती दारावर कडी घालतात. म्हणून शेवटी एचसीजीऐवजी ल्युप्रोलाइड किंवा ट्रिप्टोरेलिनचं इंजेक्शन देऊन कडी काढता येते आणि पिट्यूटरी स्वतःचं एलएच एका लाटेत सोडते. लाट येते, बीजं पिकवते, दीड दिवसात ओसरते. नंतर अंडाशयांना डिवचायला कुणी उरत नाही. बीजदात्या मुलींना आता हाच ट्रिगर देतात, आणि त्यांच्यातलं ओएचएसएस जवळपास नाहीसं झालं आहे.

तुम्ही इथे नक्की दचकणार, म्हणून आधीच सांगते. खोक्यावर ‘ल्युप्रोलाइड’ वाचून वाटेल, अहो, मागच्या वेळी रोज टोचत होते ते हेच की! हो, औषध तेच. रोज दिलं की दोनेक आठवड्यांत पिट्यूटरी दमून झोपते, एकदाच दिलं की खडबडून जागी होते. दार एकदा वाजवलं तर घरातलं माणूस उठून येतं, दिवसभर वाजवत बसलं तर ते कानावर उशी घेऊन झोपतं. त्यामुळे खोक्यावरचं नाव बघून नवीन डॉक्टरांवर संशय घेऊ नका. बघायचंच असेल तर एवढं बघा, की त्या रात्रीच्या खोक्यावर एचसीजी हे नाव नाही ना. असेल तर टोचून घेण्याआधी फोन करा, रात्रीचे अकरा वाजले असले तरी. वेळ मात्र पाळा. पिकअप साधारण ३४ ते ३६ तासांनी असतो, दहाला सांगितलं तर दहालाच.

काही जणींत ही लाट पुरेशी उठत नाही. म्हणून ट्रिगरच्या दुसऱ्या दिवशी सकाळी रक्तात एलएच आणि प्रोजेस्टेरॉन तपासतात. पिकअपनंतर ‘बीजंच मिळाली नाहीत’ हे ऐकण्यापेक्षा ती एक सुई बरी. आणि कुठे ‘थोडं एचसीजी जोडीला देतो, ड्युअल ट्रिगर’ असं निघालं, तर तुमच्या इतिहासात ते नको, हे आजच बोलून ठेवा. मात्रा थोडी असली तरी पाहुणा तोच.

डॉक्टर कदाचित अँटागोनिस्टऐवजी मेड्रॉक्सीप्रोजेस्टेरॉनच्या गोळ्याही सुचवतील. इंजेक्शनांपेक्षा त्या खूप स्वस्त पडतात आणि ट्रिगर वर सांगितलेलाच वापरता येतो. फक्त त्या पाळीत ट्रान्स्फर करता येत नाही. तुमचं सगळं फ्रीजच करायचं आहे, त्यामुळे अडचण नाही. खर्चाची ओढाताण असेल तर लाजू नका, स्वतःहून विचारा.

कॅबरगोलिनचंही नाव निघेल. ट्रिगरच्या दिवसापासून अर्ध्या मिलिग्रॅमची एक गोळी, आठ दिवस. माठाचं पाझरणं ती कमी करते. मेडिकलवाला चिठ्ठी बघून ‘दूध बंद करायची का?’ विचारेल, कारण ही गोळी त्यासाठीही देतात. गोंधळू नका, घ्या. रात्री झोपताना घ्या आणि सकाळी उठताना कॉटवरून एकदम उभं राहू नका, भोवळ येते. तुम्ही पीसीओडीसाठी मेटफॉर्मिन घेत असाल तर डॉक्टर सांगतील तसं चालू ठेवा. लाँग प्रोटोकॉलमध्ये ती ओएचएसएस कमी करते असं दिसलं आहे. अँटागोनिस्टमध्ये त्यासाठी तिचा फारसा उपयोग नाही.

नणंदबाईंना माझा नमस्कार सांगा. नारळपाणी छान, अंड्यातला पांढरा भागही छान, प्रोटीन पावडर परवडत असेल तर घ्या. पण यातलं काहीही ओएचएसएस रोखत नाही. झालंच, तर सुस्तावलेल्या बाईच्या पोटात चार घास जातात एवढंच. मला यात खटकतं ते दुसरंच. ‘तू पावडर नीट घेतली नाहीस म्हणून झालं’ असं नंतर बाईलाच ऐकवतात. तुम्ही मागच्या वेळी काहीही चुकवलं नव्हतंत. रोजच्या रोज इंजेक्शनं घेतलीत, सोनोग्राफीला वेळेवर गेलात. ठरवायचं होतं ते औषधांच्या चिठ्ठीवर.

आता सासूबाई. त्यांच्या शंकेला हसू नका. फ्रीजमधली भाजी दुसऱ्या दिवशी उतरते हे त्या पन्नास वर्षं बघत आल्या आहेत. पण गर्भ ठेवतात तो उणे १९६ अंशांच्या द्रव नायट्रोजनमध्ये. तिथे काही उतरत नाही, कारण तिथे काही घडतच नाही. पेशींचं घड्याळ थांबलेलं असतं. भारतातल्या कायद्याने असे गर्भ दहा वर्षांपर्यंत ठेवता येतात.

आणि त्यांना एक गोष्ट सांगा. भारतातली पहिली टेस्ट ट्यूब बेबी फ्रीज केलेल्या गर्भातून झाली. कोलकात्याचे डॉ. सुभाष मुखोपाध्याय. त्यांनी गर्भ ५३ दिवस गोठवून ठेवला आणि औषधांनी ढवळलेल्या पाळीऐवजी नंतरच्या साध्या पाळीत आईच्या पोटात ठेवला. ३ ऑक्टोबर १९७८ ला, दुर्गापूजेच्या दिवसांत, मुलगी झाली, म्हणून ती दुर्गा. इंग्लंडच्या लुईस ब्राऊननंतर दोन-सव्वादोन महिन्यांनी. सरकारी समितीने त्यांना खोटं ठरवलं, आणि १९८१ मध्ये त्यांनी आत्महत्या केली. आपल्या मुंबईत केईएममध्ये डॉ. इंदिरा हिंदुजा आणि डॉ. टी. सी. आनंद कुमार यांच्या प्रयत्नांतून ६ ऑगस्ट १९८६ ला हर्षा जन्मली आणि पहिली म्हणून तिचं नाव लागलं. पुढे १९९७ मध्ये मुखोपाध्यायांचे कागद वाचून आनंद कुमारांनीच जाहीर सांगितलं, पहिला मान त्यांचा. आज तुमचे डॉक्टर जे सुचवताहेत त्याचा गाभा त्या माणसाने तेव्हा केला होता. हे आठवलं की मला अजून गलबलतं. असो.

फ्रीज केल्याने यश घटतं का? तुमच्यासारख्यांत उलट आहे. चीनमध्ये पीसीओएस (म्हणजे पीसीओडीच) असलेल्या १,५०८ स्त्रियांवर झालेला मोठा अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. ताज्या ट्रान्स्फरमध्ये ४२ टक्के जणींना मूल झालं, फ्रोझनमध्ये ४९.३ टक्के जणींना. ओएचएसएस ताज्यात ७.१ टक्के, फ्रोझनमध्ये १.३. एक बाजू मात्र सहसा कुणी सांगत नाही. गरोदरपणात बीपी वाढून होणारा प्रीएक्लाम्प्सिया फ्रोझन गटात जास्त निघाला, ४.४ टक्के विरुद्ध १.४. म्हणून दिवस राहिल्यावर बीपी दर भेटीला तपासून घ्या, ‘नॉर्मल आहे’ एवढ्यावर न थांबता आकडा वहीत लिहून घ्या.

या वेळी बीजं कमी येतील का, ही धाकधूक तुमच्या पत्रात मला ओळींच्या मधून दिसली. येऊ शकतील. बारा-पंधरा येतील. येऊ द्या. सत्तावीसमधून तुमच्या हाती किती चांगले गर्भ लागले ते तुम्हीच मोजून बघा.

घरी आल्यावर करायच्या गोष्टी सोप्या आहेत, पण रोज करायच्या. सकाळी लघवीला जाऊन आल्यावर, चहाआधी, त्याच काट्यावर वजन. बेंबीवरून शिंप्याच्या टेपने पोटाचा घेर. दिवसातून लघवी किती वेळा झाली. तीन आकडे, एका जुन्या कॅलेंडरच्या चौकोनात. दिवसात किलोभर वजन वाढलं, लघवी कमी आणि गडद झाली, उलट्या थांबेनात, आडवं झाल्यावर दम लागला, पोटरी किंवा मानेची एक बाजू दुखून सुजली, तर सकाळची वाट बघायची नाही. ओटीपोटात एका बाजूला अचानक जोराची कळ आली तरीही नाही, कारण मोठं झालेलं अंडाशय पिळवटलं जाऊ शकतं. त्याच भीतीने या दिवसांत जड उचलणं, धावपळ आणि शरीरसंबंध बंद. दुखलं तर पॅरासिटामॉल घ्या, डायक्लोफेनॅक किंवा आयबुप्रोफेन नको. तहान लागेल तसं पाणी प्या.

तुमच्या गावातल्या डॉक्टरांसाठी एक कागद पर्समध्ये ठेवा: ‘आयव्हीएफ चालू आहे, अमुक तारखेला पिकअप, इतकी बीजं, आधी तीव्र ओएचएसएस झालं आहे, लघवीची गोळी देऊ नये’, खाली सेंटरचा नंबर. फुगलेलं पोट आणि कमी लघवी बघून चांगला डॉक्टरही भलेपणाने फ्रुसेमाइड ही लघवीची गोळी लिहून देतो. रक्त आधीच दाट असताना उरलंसुरलं पाणीही त्याने काढून टाकलं जातं.

राहिलं लग्न. पिकअपनंतर चौथा दिवस म्हणजे ट्रिगरनंतरचा सहावा, त्रास व्हायचा असेल तर नेमके तेच दिवस. आणि तुम्ही कुठे, तर लातूरला, मांडवात, सेंटरपासून पाच-सहा तासांवर, धाकट्या दिराच्या लग्नात मोठी वहिनी म्हणून कमरेला पदर खोचून. नऊवारीचा काचा पोटाला लागतो म्हणून दुखतंय की पाणी होतंय, हे तिथे कोण बघणार? तुम्ही स्वतःसुद्धा बघणार नाही, वरात निघेपर्यंत दाबून ठेवाल.

सायकल एक महिना पुढे ढकला. नवीन डॉक्टरांना तसा उद्याच फोन करा, अजून इंजेक्शनं सुरू झालेली नाहीत तोवर यात काहीही बिघडत नाही. तीस वर्षांच्या बाईचं एएमएच ८.९ असताना एका महिन्याने कुठलाही फरक पडणार नाही. लग्नात मनसोक्त मिरवा, जेवा, नाचा. त्यानंतरची पाळी आली की दुसऱ्या दिवशी सोनोग्राफीला जा, आणि जाताना मागच्या वेळचं डिस्चार्ज कार्ड फाईलच्या अगदी वर लावा.